न दिलेली ओ

रेवणप्पामामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. एकोणऐंशी साली लग्न होऊन मी या गावात आले आणि पाया पडायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते अंगणात बाजेवर बसलेले होते. माघातली थंडी होती. शरणम्मामामी "आत ये, गुणा" म्हणाल्या म्हणून मी आत जाऊन मामांची वाट बघत उभी राहिले. मामा आत आलेच नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर थांबून त्यांनी तिथूनच हात वर केला. मला वाटलं, नव्या सुनेचा मान राखत असतील. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आण्णा सहा-सात वर्सं झाली घरात निजला न्हाई. छताखाली त्याचा जीव घाबरतो."

मी देगलूरकडची. आमच्याकडेही भित्री माणसं होती, पण ती भुताला, सापाला भ्यायची. एवढा धिप्पाड माणूस आपल्याच घरात शिरायला भितो, हे मला नवीन होतं.

त्यांच्या बाजेवर चार मेढी रोवून पत्रा टाकलेला होता. चारी बाजू मोकळ्या. पावसाची झड आली की अंगावर घोंगडी घेऊन तिथंच बसून राहायचे. उशाला कंदील. घासलेट मिळायचं ते रेशनवर, आणि मामी स्वयंपाकघरात चिमणी न लावता त्यांच्या कंदिलात तेल घालायच्या. आणखी एक गोष्ट लेकरांनासुद्धा सांगून ठेवलेली होती, की रेवणप्पांना पाठीमागून नावानं हाक मारायची नाही. चुकून कुणी मारलीच तर ते जागीच थबकायचे, चेहरा राखेसारखा व्हायचा, आणि वळून बघायची त्यांची हिंमत व्हायची नाही.

हे सुरू झालं बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव जळकोटपासून दोन कोसांवर. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. गावविहिरीनं उन्हाळ्याआधीच तळ दाखवला. पंचायतीनं ती खोल करायला काढली. खाली उतरून फोडायला दोघं मेहुणे, रेवणप्पामामा आणि माझे सासरे गुंडप्पा. वर यारीवर, म्हणजे दगडमाती ओढून घ्यायच्या हातयंत्रावर, भीमाकाका. भीमाकाका बौद्ध वस्तीवरचे. त्यांचा हात यारीवर असला की खालच्या माणसाला घोर नसायचा, असं सगळे म्हणायचे.

त्र्याहत्तरच्या मार्चातली गोष्ट. तळाशी खडकात आडवी कपार फोडायचं काम चाललं होतं. दिवस वर आल्यावर वरचा मुरमाचा थर एकदम सुटला. भीमाकाका सांगायचे, "आवाज न्हाई झाला बगा. पोतं टेकवल्यासारखं झालं फक्त, आन खाली कुणीच दिसंना." गाव जमलं. माती उपसायला दिवस कलला. आधी रेवणप्पामामा निघाले. ते कपारीत होते म्हणून वाचले. त्यांच्या पुढ्यात हातभर अंतरावर माझे सासरे सापडले. ते गेलेले होते.

मामांनी वर आल्यावर एकच सांगितलं, "दाजी लगेच गेले. त्यास्नी कायबी कळलं न्हाई."

सासूबाईंनी त्या एका वाक्यावर दहा वर्षं काढली. कुणी सांत्वनाला आलं की त्या म्हणायच्या, "एवढं बरं, त्यास्नी तरास झाला न्हाई."

आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत. खोल खड्डा खणतात, त्याच्या एका भिंतीत कोनाडा करतात, गेलेल्या माणसाला त्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, बेलाची पानं, भस्म आणि मीठ घालतात, मग माती देतात. सासऱ्यांना शेतात नेलं तेव्हा मामांच्या कानात, नाकात अजून मुरूम होता. खड्ड्यात उतरवताना ते ओरडले, "पुन्ना नका घालू! आत्ताच काढलंय त्यास्नी मातीतून!" चौघांनी धरून ठेवलं. लोकांना वाटलं, मेहुण्याचं दुःख आहे. त्यानंतर मामा कुणाच्या मातीला गेले नाहीत. सख्ख्या चुलत्याच्या मातीलाही नाही. गावात हे खपत नाही. चार माणसं बोलली, मामांनी खाली मान घालून ऐकलं.

माझ्यासमोर झालेली पहिली गोष्ट म्हणजे त्यांचं जाळायचं बोलणं. मी मामींबरोबर अंगणात तूर निवडत होते. मामा बाजेवरून म्हणाले, "शरणा, मी मेलो की मला जाळा."

मामींचे हात थांबले. "आपल्यात कुणी जाळलंय का?"

"मला मातीत बसायचं न्हाई."

"मेल्या माणसाला काय कळतंय माती का आग?"

"तुला काय ठाऊक, कळतंय का न्हाई?"

मामींनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "शेतातली जागा आपण दोघांसाठी ठेवलीया. तुमी जळून जाणार, मग मी एकटीनंच बसायचं का तिथं?" आणि सूप उचलून आत गेल्या. मामा कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत होते.

मामींनीच मग त्यांना उदगीरच्या वाटेवरच्या एका मठात नेलं. स्वामी म्हातारे होते. त्यांनी समजावलं की मरण म्हणजे लिंगात मिसळून जाणं, ओढ्याचं पाणी नदीत गेल्यावर ओढा उरत नाही, मग भ्यायला उरतं कोण? मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्वामी, एखाद्याचं कुणाशी काही राहून गेलेलं असंल, तर तो मिसळतो का तिथंच वाट बघत बसतो?"

"काय राहून गेलंय तुमचं?" स्वामींनी विचारलं.

मामा उठले. भस्म घेतलं, नमस्कार केला. परत येताना एसटीत बसायला तयार होईनात. अर्धा रस्ता मामींना त्यांच्यासोबत चालावं लागलं.

मग भीमाकाकांकडे गेले. हे मला काकांनीच पुढं सांगितलं. मामांनी विचारलं, "भीमा, तुमच्यात जाळतेत. मेल्यावर काय होतं म्हणतेत तुमच्यात?"

काका म्हणाले, "आमच्या वस्तीवर नांदेडहून भंते आलते. मीबी हेच इचारलं त्यास्नी. ते म्हणले, ते शोधत बसू नको, हाय तवर माणसाशी नीट वाग."

काकांना राहवलं नाही. ते म्हणाले, "रेवणआप्पा, एक सांगू? गुंडप्पाला मी उचललं तवा अंग गरम होतं. दिवसभराचं मेलेलं अंग न्हवतं ते."

मामा तसेच उठून चालू लागले. पुढं कितीतरी महिने ते वस्तीच्या रस्त्यानं गेले नाहीत, लांबच्या पांदीनं जायचे. काकांनीही हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. आमचं गाव उस्मानाबादेतून निघून त्यात गेलं. मामांचा मुलगा सिद्धेश्वर याला नव्या कलेक्टर कचेरीत शिपायाची नोकरी लागली. गावात पेढे वाटले. दिवाळीनंतर मामींच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा त्यानं दोघांना लातूरला नेलं. सरकारी दवाखान्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सिद्धेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी ठेवा, दुखणं कमी करायच्या गोळ्या द्या. सिद्धेश्वरचं लग्न झालेलं नव्हतं. घरात बाई माणूस नाही, म्हणून सासूबाईंनी मला पाठवलं.

भाड्याची एकच खोली होती, एक दार आणि वर हाताएवढा झरोका. मामा बाहेर ओट्यावर राहायचे. जेवणही मी बाहेरच द्यायची. मामी आत खाटेवर. त्या आयुष्यभर धीराच्या, पण त्या पंधरवड्यात त्यांचा धीर सुटला. दुखणं गोळीनं थांबायचं, भीती थांबायची नाही. माझा हात धरून म्हणायच्या, "गुणा, मी कुठं चाललेय गं? डोळं मिटलं की कुणी तरी खाली ओढतंय बग." मी म्हणायची, काही होत नाही मामी. सिद्धेश्वर म्हणायचा, आई, तू बरी होणार. शेजारच्या बाईनं देवाचं नाव घ्यायला सांगितलं. आम्ही असं बोललो की मामी भिंतीकडे तोंड करायच्या. खरं सांगते, मलाही त्या खोलीत भीती वाटायची. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. मी उगाच भांडी पुन्हा पुन्हा घासायची.

एका दुपारी त्यांनी एवढ्या जोरात हाक मारली की बाहेर ओट्यावर ऐकू गेली. "अहो! दहा वर्सं तुमी भेऊन राहिलाव. मला सांगा तरी, काय हाय तिथं?"

मी दाराकडे बघितलं. मामा उंबऱ्यावर उभे होते. दोन्ही हातांनी चौकट धरलेली. कपाळावर घाम फुटलेला. मग एक पाय आत टाकला, मग दुसरा. भिंतीला हात लावत लावत ते खाटेपर्यंत आले आणि खाली जमिनीवर बसले. त्यांचा श्वास मला स्टोव्हपाशी ऐकू येत होता. मी कोपऱ्यात आहे हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नसावं.

"भ्या वाटतंय का?" मामा म्हणाले.

"लई."

"मलाबी वाटतंय. आत्ता बी वाटतंय."

मामींनी त्यांच्याकडे मान वळवली. इतक्या दिवसांत असं कुणी बोललंच नव्हतं त्यांच्याशी.

"तिथं काय हाय ते मला ठाऊक न्हाई, शरणा. माझं भ्या येगळं हाय." मामांनी उघड्या दाराकडे तोंड केलं. "दाजी लगेच गेले न्हाईत. मुरूम आला तवा ते माझ्यापासून हातभरावर होते. मधी माती. त्यास्नी मी दिसत न्हवतो, पण आवाज येत होता. ते हाका मारत होते. रेवण्णा, हाईस का? रेवण्णा, बोल की. मी ओ दिली न्हाई."

"कामून?" मामींनी विचारलं.

"बोललं की हवा सरती, असं ऐकलं होतं. हवा थोडी होती. आधी म्हणलं, जरा थांबू, वरून माणसं येतील. मग ते रडाय लागले. मंग तर मला तोंडच उघडंना. वाटलं, ओ दिली की तेबी बोलत राहतील आन मीबी, आन दोघंबी मरू. कितीतरी येळ हाका मारल्या त्यांनी. शेवटी म्हणले, नागूला सांग... पुढचं ऐकू न्हाई आलं. त्यास्नी वाटलं असंल आपण एकटेच आहोत. एकटेच गेले ते. मी हातभरावर असताना."

नागू म्हणजे माझ्या सासूबाई. माझे सासरे मी कधी पाहिले नव्हते. भिंतीवरच्या फोटोत ते टोपी घालून बसलेले आहेत, एवढंच. मी हातातली पातेली आवाज न करता खाली ठेवली.

"मला वाटतं ते तिथंच बसलेत," मामा म्हणाले. "मला मातीत घातलं की पुन्ना हाक येणार, रेवण्णा, हाईस का. तवा मी काय सांगू?"

मामींनी काय करावं? त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. दुखण्यानं वाळलेला हात खाटेवरून खाली सोडून त्यांनी मामांच्या डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, "आता मी हाक मारल्यावर ओ द्याल का?"

"देईन."

"मंग इथून उठू नका."

मामा नऊ दिवस त्या खोलीतून उठले नाहीत. दार उघडं ठेवून बसायचे, तोंड दाराकडे, पाठ खाटेला टेकलेली. अधूनमधून छाती दाबून धरायचे, डोळे मिटून उंबऱ्यापलीकडची गल्ली मनात आणायचे, असं त्यांनी मला सांगितलं. मामी दिवसातून किती तरी वेळा विचारायच्या, "हाव का?" आणि ते म्हणायचे, "हाय, हाय." दुसरं काही बोलणं नसायचं. मामींची भीती गेली असं मी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशीही त्यांची बोटं मामांच्या सदऱ्यात अशी अडकली होती की मला एकेक करून सोडवावी लागली. पण भिंतीकडे तोंड करणं थांबलं होतं.

जाण्याआधी दोन दिवस त्यांनी मामांना आणखी एक मागितलं. "मला खाली तुमीच बसवा. परक्याचे हात नकोत." मामांनी त्याला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

टेम्पोनं मामींना गावी आणलं. शेतात खड्डा तयार होता. छातीच्याही वर खोल, कडेनं काळी माती, खाली पिवळा मुरूम. मुरूम दिसताच मामांनी डोळे मिटले. सिद्धेश्वर सदरा काढून उतरायला पुढं झाला. मामांनी त्याला मागं सारलं. मग ते म्हणाले, "दोर आणा. भीमाला बोलवा."

भीमाकाका लांब, बांधावर उभे होते. जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "दोर लावून कुणी उतरतंय का मातीला? आन त्याला कशाला बोलवता इथं?"

"मला ज्यानं मातीतून काढलं तोच धरंल," मामा म्हणाले. लोकांनी वाट दिली आणि काका पुढं आले.

काकांनी मामांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक आपल्या मनगटाला दोन वेढे देऊन धरलं, आणि पाय रोवून उभे राहिले. मामा उतरले. आम्ही बायका जरा मागं होतो, तरी मला त्यांचं डोकं दिसत होतं. ते थरथर कापत होते, दात वाजत होते. मामींना वरून सोडलं. मामांनी त्यांना कवेत घेऊन कोनाड्यात बसवलं, मांडी घातली, मान सरळ केली, डाव्या हातावर लिंग ठेवलं. त्यांनी पदर नीट केला तो मी बघितला. भस्माची टोपली खाली दिली. मधेच त्यांच्या हातातून टोपली सुटली आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले, हुंदका का धाप ते कळेना. वरून काका म्हणाले, "मी हाय, आप्पा." मामांनी राहिलेलं मीठ घातलं आणि हात वर केला.

वर आल्यावर ते गवतावर आडवे पडले आणि ओकले. कुणी त्यांना धीर देत होतं, कुणी वारा घालत होतं. भीती गेली का, असं मला नंतर कित्येकांनी विचारलं. नाही गेली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कंदील लवकर लावायला सांगितला.

पण बाराव्या दिवशी ते आमच्या घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "नागू, शेताकडं चल. तुला एक सांगायचंय." मला काय ते ठाऊक होतं. मी लातूरहून आल्यापासून ते पोटात घेऊन फिरत होते, सासूबाईंच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. दोघं भाऊ-बहीण भर उन्हात गेले. सासूबाई एकट्याच परत आल्या. चुलीपुढं बसल्या. मला म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"दहा वर्सं मी लोकास्नी सांगून राहिले, त्यास्नी तरास झाला न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या.

दीड वर्ष त्या भावाशी बोलल्या नाहीत. सणाला पुरणपोळी गेली नाही, पंचमीला त्या माहेरच्या अंगणात गेल्या नाहीत. मामा रस्त्यात दिसले की वाट सोडून उभे राहायचे. त्याच काळात, मामींपाशी ते कसे बसले हे ऐकून, मरणाला टेकलेल्यांपाशी बसायला लोक त्यांना बोलवायला लागले. वस्तीवरची एक म्हातारी मरणाला टेकली होती आणि भीतीनं किंचाळत होती. भीमाकाका मामांना घेऊन गेले. मामा तिच्याशेजारी बसून म्हणाले, "मलाबी लई भ्या वाटतंय बग, माय." ती म्हातारी शांत झाली असं म्हणतात. मी नव्हते तिथं.

एका सकाळी सासूबाईंनी लुगडं नेसलं आणि काही न सांगता निघाल्या. मी मागून गेले. मामा बाजेवर होते. त्या समोर उभ्या राहिल्या.

"आण्णा, त्यास्नी तहान लागली होती का?"

मामांना खोटं सांगता आलं असतं. म्हणाले, "हाव. पाणी म्हणत होते."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं, त्याआधीचं मला ठाऊक नाही. मामा बाजेवरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मग त्या एकेक विचारत गेल्या. अंगाला दगड लागला होता का, नाव कितीदा घेतलं, 'नागूला सांग' म्हणताना आवाज कसा होता. मामा आठवून आठवून सांगत होते. सूर्य डोक्यावर आला तरी दोघं तिथंच होते.

सत्त्याऐंशीत मामा गेले. आठवडाभर ताप होता. बाजेवरच होते. कुणी विचारलं की सांगायचे, भ्या वाटून राहिलंय, आणि त्यात त्यांना लाज वाटत नव्हती. जाळा म्हणाले नाहीत. "खड्डा मात्र ऐसपैस खणा" एवढं सिद्धेश्वरला बजावलं. सासूबाई उशाशी बसून त्यांच्यावर रागवायच्या, "हातपाय ताठ करू नको, ढिला पड." सकाळी उन्हं अंगणात आल्यावर त्यांचा श्वास थांबला. भ्याले होते की नाही त्या वेळी, मला सांगता येणार नाही. चेहरा नेहमीसारखाच होता.

खड्डा खणायला दोन माणसं जास्त लागली. मामींच्या शेजारी त्यांना सिद्धेश्वरनं बसवलं. माती देऊन झाल्यावर माणसं ओढ्याला आंघोळीला गेली. आम्ही बायका बांधावर उभ्या होतो. सासूबाई त्या दोन ढिगांकडं बघत म्हणाल्या, "गुणा, तुला काय वाटतं, भेटत असतील का माणसं?"

मी म्हटलं, "मला न्हाई ठाऊक, आत्या."

"मलाबी न्हाई," त्या म्हणाल्या. मग पदर डोक्यावर घेत म्हणाल्या, "चल. गाईचं दूध काढायचं राहिलंय."